मेजरांची हायब्रीड

मेजर कुठलीही गाडी आधी कानांनी बघायचे. बॉनेटपाशी उभं राहून डोळे मिटायचे, मान जरा तिरकी करायचे आणि मग निकाल द्यायचे, "लय बडबडी हाय," नाहीतर "शानी हाय." फौजेत ते साधे ड्रायव्हर होते, मेजर वगैरे काही नव्हते. पण कुंडलमध्ये फौजेतून पेन्शनीवर आलेला प्रत्येक माणूस मेजरच, त्याला त्यांचाही इलाज नव्हता.

त्यांची स्वतःची गाडी पेट्रोलची, जुनी, पांढरी. इंजिन चालू आहे की बंद, हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागतो, असं ते सांगायचे. त्यात थोडी बढाई होती, पण फार नव्हती. सकाळी अंघोळीआधी गाडी पुसून काढायचे आणि काकू चहा घेऊन उंबऱ्यात ताटकळत उभ्या. "माजी सवत हाय ती," काकू आम्हाला सांगायच्या, "पर भांडत न्हाई बिचारी."

आमच्या आळीतल्या पोरींची पाठवणी याच गाडीतून व्हायची. भाडं विचारलं तर मेजर रागवायचे. एरवी वऱ्हाडाच्या गाड्यांत गाणी लावायची पद्धत, यांच्या गाडीत टेपरेकॉर्डरच नव्हता. कुणी हसलं तर म्हणायचे, "आवं, पोरगी घर सोडून चाललीया. तिला काय म्हणायचं असंल ते मला ऐकू याया नको व्हय?"

आणि त्यांना खरंच ऐकू यायचं. शेजारची सुमन सासरी निघाली तेव्हा ताकारीच्या पुढे गेल्यावर मागच्या सीटवर स्वतःशीच पुटपुटली, "आयचं रातचं औषध कुठं ठेवलंय ते सांगायचंच राहिलं." मेजरांनी गाडी वळवली. पाठवणीची गाडी माघारी फिरवायची नसते म्हणून नवऱ्याकडची माणसं खवळली. "आसलं समदं मी फौजेत सोडून आलूया," म्हणत मेजरांनी तिला घरी आणलं, औषधाची बाटली आईच्या हातात देववली आणि पुन्हा नेऊन पोचवलं. त्यानंतर वर्षभर गावातली म्हातारी माणसं त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. सुमनचा संसार मात्र छान चालला आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पेट्रोल परवडेना. मेजरांचा थोरला, उत्तम, गाडी सांगलीला घेऊन गेला आणि आतलं इंजिन काढून डिझेलचं बसवून आणलं. तेव्हा पुष्कळजण तसं करायचे. अंग एका जातीचं आणि पोट दुसऱ्या जातीचं, म्हणून आळीनं लगेच तिचं नाव ठेवलं, हायब्रीड. आमच्याकडे हायब्रीड म्हणजे तोवर फक्त ज्वारी. मेजरांनाही ते पटलं. "बराबर हाय. पोती भरत्यात, पर भाकरीला चव न्हाई," म्हणाले.

तरी माणूस न्यायाचा. पारावर विषय निघाला की नव्या इंजिनाची बाजू स्वतःच मांडायचे. "कमी खाती, वझं जास्ती वडती, चढाला दमत न्हाई. समदं खरं हाय गड्या. पर मागं बसलेलं माणूस काय म्हणतंय ते कळत न्हाई." हल्ली माझ्या मुलाकडे कारखान्यातूनच निघालेली हायब्रीड आहे. सिग्नलला थांबली की आपोआप गप्प होते. मेजरांनी तिला नक्की शहाणी म्हटलं असतं.

माझं लग्न झालं ते या डिझेलच्या काळात. सांगलीला डी.एड.चं माझं एक वर्ष राहिलं होतं. ते पूर्ण करू द्यायचं, असं बैठकीत रहिमतपूरच्या मंडळींनी कबूल केलं होतं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि जेवणाच्या पंगतीत सासूबाई कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "आता कसलं कालेज? घरात माणूस पायजे." वडील पाहुण्यांत अडकलेले, आई रडत होती. सांगायचं कुणाला?

गाडीत पुढे माझी धाकटी बहीण करवली म्हणून बसलेली, ती कऱ्हाड यायच्या आधीच झोपली. मागे आम्ही दोघं. मी धीर करून नवऱ्याला म्हटलं, "मला कॉलेज पुरं करायचंय." त्या धडधडाटात त्यांना काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, तरी त्यांनी नुसतीच मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

मेजरांनी आरशात बघितलं असावं. उंब्रजच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. मागे न वळता म्हणाले, "आता बोल, बाय."

मी बोलले. सगळंच बोलले, पंगतीतलंसुद्धा. नवरा गोंधळला. आपली आई असं म्हणाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. हळूच म्हणाले, "जाशील तू कॉलेजला."

"पावनं," मेजर म्हणाले, "मोठ्यानं म्हना. मला बी ऐकू याया पायजे."

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. बहीण दचकून जागी झाली. मेजरांनी गाडी चालू केली आणि आम्हाला रहिमतपूरला नेऊन पोचवलं.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात हजर. इंजिन बंद करून, टोपी काढून उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आवं, तिला कुठं धाडायची? हितली कामं कोन करनार?"

"माज्या गाडीत कबूल झालंय," मेजर म्हणाले. "तुमच्या पोराला इचारा."

सासूबाई मागे वळल्या. नवरा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आतून बाहेर येत होता.

मेजर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गावर होते. पोरांना धडा वाचायला लावला आणि व्हरांड्यात आले. सासरी निघताना रडणं लोकांना ऐकू जाईल म्हणून मी तोंडावर पदर धरला होता. त्या दिवशी धरला नाही.