हेल्गा आजींचा समुद्र

ऑफिसातून परतताना यू-बानमध्ये नवऱ्याचा फोन आला. "अगं, हेल्गा आजी गेल्या." पुढच्याच स्टेशनवर उतरून मी बाकावर बसून राहिले. रडू आलं नाही. नुसता थकवा आला… वर्षभर त्यांच्याबरोबर हॉस्पिटलच्या खेपा घालताना साचत गेलेला.

आम्ही गार्चिंगला राहायला आलो तेव्हा त्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. माझ्या लेकीला जर्मन बोलायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या वडिलांचा विषय मात्र कित्येक वर्षांनी निघाला. महायुद्धात ते पाणबुडीवर होते आणि हेल्गा आजींच्या जन्माआधीच गेले. पाणबुडी नवी कोरी होती. शत्रूशी गाठ पडायच्या आधीच, बाल्टिक समुद्रात सराव चालू असताना आपल्याच एका जहाजाची धडक बसून बुडाली. आईनं जन्मभर "लढाईत गेला" एवढंच सांगितलं. खरं काय ते आई गेल्यावर मावशीकडून कळलं. "तो कुणाच्या बाजूनं होता हे ठाऊक असताना उघड रडता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो तर लढलाही नाही. आल्झो… म्हणजे, मी करायचं तरी काय?"

मागच्या उन्हाळ्यात आजाराचं निदान झालं, तेव्हा तो समुद्र एकदा बघायचाय म्हणाल्या. मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. दिवसभराचा ट्रेनचा प्रवास, त्यात गाडी उशिरा. किनाऱ्यावर गार वारा आणि राखाडी पाणी. तुमच्यात अशा वेळी काय करतात, असं त्यांनी विचारलं.

"आम्ही गेलेल्याला पाणी देतो."

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "पाणी त्याला पुरेसं मिळालंय."

मग पिशवीतला पाव काढून त्यांनी अर्धा दगडावर ठेवला. लगेच एक सीगल आला आणि उचलून घेऊन गेला. पिंडाला कावळा शिवला की माणूस सुटला असं आमच्याकडे मानतात, मी सांगितलं.

"आणि मुलगी?"

परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्या झोपल्या.

भर बर्फातही त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी असे. ही सवय आईची, म्हणायच्या. बंद खोलीत आईचा जीव घुसमटायचा. आता घरमालक म्हणतात, हीटिंग वाया जातंय, खिडकी लावून घ्या. किल्ली माझ्याकडेच आहे. संध्याकाळी मी वर जाते, खिडकीला हात लावते… आणि उद्या लावू, म्हणून खाली येते.