झाकणाखालची शेवरोले

शर्यतीत मोटार पळवता पळवता साठी उलटली, तरी आन्सेल्मो इतुरबे एकदाही अंतिम शर्यतीत पोहोचला नव्हता. "माझी फाल्कन पळत नाही, हवा खायला निघते," असं आपल्या जुन्या फोर्ड गाडीबद्दल तोच सगळ्यांच्या आधी सांगून टाकायचा, म्हणजे दुसऱ्यांना बोलायला काही उरत नसे. पण डोळे अधू झाल्यामुळे पुढच्या वर्षी परवाना मिळणार नव्हता. हा शेवटचाच हंगाम होता आणि एकदा तरी अंतिम शर्यत गाठायची, ही हौस काही सुटत नव्हती.

फाल्कनचं दुखणं त्याला चांगलं ठाऊक होतं. व्हॉल्व्ह दाबणारे जुने रॉकर घासत घासत चालायचे आणि इंजिनाची बरीच ताकद तिथेच खर्ची पडायची. टोकाला बारीक चाक असलेले रॉकर बसवले, की घासणं जवळजवळ संपतं. गावात असे रॉकर एकाच गॅरेजात होते, त्याच्या मेहुण्याच्या, फाउस्तोच्या. पण ते शेवरोलेचे.

आणि इतुरबे घराणं पिढ्यान् पिढ्या फोर्डचं. आन्सेल्मोनं शेवरोलेवाल्यांची नेलिदा केली, तेव्हा लग्नात मांस भाजायच्या शेगड्यासुद्धा दोन वेगळ्या पेटल्या होत्या. त्याचा बाप मरेपर्यंत सुनेला 'ती शेवरोलेवाली' म्हणत असे.

शेवटी नेलिदाच भावाकडे गेली आणि पावाच्या पिशवीत रॉकर घेऊन आली.

"कुणाला कळता कामा नये," आन्सेल्मो म्हणाला.

"मेलेल्या सासऱ्याला का?" ती म्हणाली.

शेवरोलेचे रॉकर फोर्डवर बसवायचे म्हणून त्यानं रॉकर धरणाऱ्या खुंट्या लेथवर कातल्या, रॉकरला ढकलणाऱ्या दांड्याही मापाने नव्या केल्या. रॉकर उंच निघाले, इंजिनाचं झाकण बसेना. मग झाकणाला खालून पट्टी जोडून त्यानं ते उंच केलं आणि वर फोर्डचा निळा रंग फासला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवारी पात्रता फेरीत फाल्कन चौथी आली आणि अंतिम शर्यतीत पोहोचली. पुढच्या गाड्यांना काहीतरी झालं असणार, असंच त्याला आधी वाटलं. पण शेवटच्या वळणावर इंजिन टकटकायला लागलं होतं.

नवे रॉकर एकदा तापले, की झाकण उघडून नट पुन्हा आवळायचे, हे शेंबडं पोरही जाणतं. आन्सेल्मोनं सकाळी गाडी तापवलीही होती. पण मैदानात झाकण उघडलं, की नळीने कडू चहा ओढत दहा डोकी आत वाकतात. म्हणून त्यानं उघडलंच नव्हतं. आताही तो बॉनेटवर चढून बसला होता.

"दाजी, उतरा खाली," फाउस्तो म्हणाला.

"दमलोय."

"इंजिन बोंबलत आलंय. सगळ्या मैदानानं ऐकलंय."

"म्हातारं झालंय, खोकणारच."

"अर्ध्या तासात अंतिम शर्यत आहे. बसून राहणार का?"

आन्सेल्मो उतरला. त्यानं झाकण काढलं. डोकी वाकली. त्यांत सर्वांत पुढे होता म्हातारा सेवेरिनो, त्याच्या बापाचा दोस्त, फोर्डवाल्यांत सर्वांत कडवा.

"फाउस्तोचेच ना हे?" सेवेरिनो म्हणाला. "मग झाकण कशाला रंगवलंस? बेकरीत गुरुवारीच कळलं."

आन्सेल्मोनं बायकोकडे पाहिलं.

"पिशवी जड का, असं विचारलं त्यांनी," नेलिदा म्हणाली. "मी काय खोटं बोलू?"

फाउस्तोनं सैल नट काढला आणि रॉकर उचलला. खालची दांडी वाकली होती. त्या मापाची दुसरी दांडी अख्ख्या गावात नव्हती, कारण ती आन्सेल्मोनं स्वतःच्या हातांनी केलेली.

"सकाळीच उघडलं असतंस तर," सेवेरिनो एवढंच म्हणाला.

आन्सेल्मोला रडू आलं आणि हसूही. साऱ्या गावाला माहीत असलेली गोष्ट तो एकटाच लपवत बसला होता, आणि त्यापायी आयुष्यातली एकुलती एक अंतिम शर्यत घालवली होती.

"बसा आत," फाउस्तो म्हणाला. "पात्र झालात ना? मग शर्यतीच्या रांगेत उभी तर करू."

फोर्डवाले डावीकडून, शेवरोलेवाले उजवीकडून गाडीला भिडले. सेवेरिनोही खांदा लावून उभा राहिला. सगळ्यांनी जोर लावला, पुन्हा लावला. फाल्कन जागची हलेना.

"दाजी," मागून फाउस्तोचा दमलेला आवाज आला, "हँडब्रेक काढा."