फेट्यावरचं हेल्मेट

माणसाच्या डोक्यावर आमच्या व्याह्यांइतकी माया करणारा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि माझ्या डोक्याला त्यांच्याइतका ताप देणाराही नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. म्हणजे राग आहेच, तो माझ्या स्वभावातच आहे, पण गोष्ट खरी आहे. हिमायतनगरहून मी नांदेडला आलो तेव्हा माझ्याजवळ हवा भरायचा पंप आणि पंक्चरच्या सामानाचा एक पत्र्याचा डबा होता. झाडाखाली बसून सुरुवात केली, आज सायकलींचं दुमजली दुकान आहे. किनवटच्या वसतिगृहांपासून धर्माबादच्या अडत्यांपर्यंत सगळ्यांशी घासाघीस केली आणि कोणाला वरचढ होऊ दिलं नाही. अशा माणसाला आयुष्यात एकदाच, भर लग्नात, एका निवृत्त विज्ञानशिक्षकानं हरवलं. ते शल्य अजून आहे, आणि ते मी रोज डोक्यावर घालून दुकानाला जातो.

पहिली भेट माझ्याच दारात झाली. आमच्या मुलीला पाहायला लातूरची मंडळी यायची होती. बाकीचे जीपमधून येणार होते. जीपमध्ये मळमळतं म्हणून व्याही पहाटेच्या बसनं पुढे आले आणि इथल्या एका जुन्या विद्यार्थ्याची सायकल घेऊन पत्ता विचारत घरापर्यंत पोहोचले. दारात उभा असलेला माणूस माझ्या बायकोनं पाहिला तो असा: पॅन्टच्या पायाला क्लिपा, पाठीवर पिशवी आणि डोक्यावर फाकी पाडलेल्या खरबुजासारखं पांढरं हेल्मेट. ती म्हणाली, "लाइटचं मीटर मागच्या बाजूला हाय. कुत्रं बांधलेलं हाय, जा." व्याही निमूटपणे मागच्या बाजूला गेले, मीटर पाहिलं, कुत्र्याला पाहिलं, परत आले आणि म्हणाले, "मीटर चांगलं चालून राहिलंय. आता मुलगी दाखवा." बायको त्या दिवशी पोह्यात मीठ टाकायला विसरली. व्याह्यांनी ते तसेच खाल्ले, पुन्हा मागून घेतले, आणि मुलीला स्वयंपाकाचं, शिवणकामाचं काही न विचारता एकच विचारलं, सायकलवर शाळेत शिकवायला जाता तेव्हा डोक्याला काय बांधता. ती म्हणाली, ओढणी. ते म्हणाले, "ओढणी चेनमध्ये जाते, पोरी. मग डोकं पण तिच्यामागं जातं." मुलगी हसली. मी ओळखलं की आता हे लग्न मोडत नाही.

लातुरात त्यांना सगळे ओळखतात, आणि बरेच जण लांबून ओळखून गल्ली बदलतात. ट्यूशनच्या गल्ल्यांतून सकाळ-संध्याकाळ पोरापोरींच्या सायकली वाहत असतात. व्याही त्यांच्यात आपली सायकल घालतात, एखाद्या पोराच्या बरोबरीनं चालवत त्याच्या डोक्यात काय काय आहे ते विचारतात. पोरगं बिचारं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असं सांगत जातं. मग ते म्हणतात, "एवढा माल उघड्यावर? अरे, अडतीवर सोयाबीन सुद्धा ताडपत्रीखाली असतं." कोणी म्हणालं की उन्हाळ्यात डोकं भाजतं, तर आपलं हेल्मेट काढून त्याची भोकं दाखवतात आणि प्रत्येक भोकातून वारा कसा आत येतो आणि कसा बाहेर जातो हे फळा असल्यासारखं हवेत काढून समजावतात. तोवर ऐकणाऱ्याचं डोकं उन्हात भाजून निघालेलं असतं. एकदा देवळाबाहेर त्यांनी चपला आणि हेल्मेट शेजारी शेजारी काढून ठेवलं. दर्शन घेऊन येतात तर चपला गेलेल्या, हेल्मेट जागच्या जागी. अनवाणी घरी आले ते चपलांचं दुःख करत नव्हते. "चोराला सुद्धा पायाची काळजी हाय, डोक्याची न्हाई," एवढंच दिवसभर म्हणत राहिले. विहीणबाई या सगळ्याला पुरून उरल्या आहेत. हेल्मेट उलटं धरून ते बाजारातून कधी मेथी आणतात, कधी अंडी. विहीणबाई मला म्हणाल्या, "आता त्यात आमटी तेवढी करायची राहिली, इवाई. तेवढं झालं की मी मरायला मोकळी."

आता लग्नाचं सांगतो. आमच्याकडे मुलाच्या बापानं ऐन लग्नात एकदा रुसायची रीत आहे. अक्षता पडल्या, पंगती बसायची वेळ झाली की निरोप येतो, व्याही रुसले. मग मुलीच्या बापानं जाऊन समजूत काढायची, काहीतरी देऊन उठवायचं. देणंघेणं काही ठरलेलं नव्हतं, व्याह्यांनीच नको म्हटलं होतं, तरी माझा अनुभव असा की नको म्हणणारं गिऱ्हाईक शेवटी दुकानच मागतं. म्हणून मी एक अंगठी खिशात ठेवली होती, आणि ती बाहेर काढायच्या आधी कुठून कुठून सुरुवात करायची हेही मनात पक्कं केलं होतं. पहिल्यांदा शर्टपीस, मग घड्याळ, अगदीच अडलं तर अंगठी. निरोप आला तसा मी मेहुण्याला घेऊन जानवसघरात गेलो. व्याही गादीवर मांडी घालून बसलेले, डोक्याला फेटा, मांडीवर नवं कोरं हेल्मेट. भोवती लातूरची सगळी मंडळी, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर हे काय नवीन असा भाव.

मी म्हटलं, "सर, काय कमी पडलं आमच्याकडून?"

"तुम्ही घरून दुकानाला सायकलवर जाता?"

"हाव. रोज."

"उघड्या डोक्यानं?"

मी म्हटलं, जन्मल्यापासून तसाच आहे. ते म्हणाले, "मग मी जेवत न्हाई. हे डोक्यावर घालायचा शब्द द्या."

शर्टपीस, घड्याळ सगळं मी विसरलो आणि एकदम अंगठीच काढली. धंद्यात मी अशी चूक कधी केली नाही. त्यांनी अंगठीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मी माझ्या वळणावर आलो. म्हटलं, हायवेला लागलो तर घालीन. ते म्हणाले, तुमच्या घरून दुकानापर्यंत हायवे कुठे आहे. म्हटलं, पावसाळ्यात घालीन. म्हटलं, दिवाळीनंतर सुरू करतो. म्हटलं, येताना घालतो, जाताना नको, सकाळी गिऱ्हाईक बघतं. एकेक पायरी मी उतरत गेलो आणि हा माणूस वरच्या पायरीवर बसूनच राहिला. घासाघिशीत समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं, तरच ती पुढे सरकते. हे नुसते मान हलवत होते. शेवटी माझा पारा चढला. मी म्हटलं, सायकलवाला कोणाला मारत नाही. धडक देतात ते ट्रकवाले, जीपवाले. त्यांनी नीट चालवावं. आम्ही गरीब माणसांनी आपली डोकी का बांधून घ्यायची? निम्मी सायकल येईल एवढ्या भावात हे भांडं डोक्यावर कशाला? मी हे दुकानात ठेवत नाही ते उगीच नाही.

माझी बाजू बिनतोड होती. आजही आहे. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकदम बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "ते नीट चालवायला लागेपर्यंत घाला."

मग त्यांनी आवाज उतरवला आणि शिक्षक मुलाला बाजूला घेऊन बोलतो तसं म्हणाले, "इवाई, तुमची लेक आजपासून आमच्या घरात. तुमचं डोकं फुटलं तर रडणं माझ्या घरात होणार. मी तिला काय सांगू? विज्ञान शिकवत होतो म्हणून?"

मेहुणा माझ्या कानाशी म्हणाला, "द्या शब्द, दाजी. भात गार होऊन राहिला." मी शब्द दिला. तेवढ्यात व्याह्यांनी उत्साहाच्या भरात माझ्या डोक्यावरच्या फेट्याला हात घातला. मुलीच्या बापाच्या फेट्याला, भर लग्नात. माझ्या बाजूचे चारसहा जण बाह्या सरसावून उठले. हिमायतनगरच्या माझ्या चुलतभावानं तर पाट उचलला. व्याह्यांना काय झालं ते कळेना. ते म्हणत होते, माप बघायचंय, फेट्यावरून माप कसं कळणार. विहीणबाईंनी मध्ये पडून त्यांचा हात खाली केला आणि वाद मिटवण्यासाठी हेल्मेट माझ्या फेट्यावरच ठेवून दिलं. उतरंडीवर शेवटचं मडकं ठेवावं तसं ते डुगडुगत राहिलं. त्याच क्षणी फोटोग्राफरनं फोटो काढला. अल्बममध्ये सप्तपदीनंतर तोच आहे. मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्यांदा तो दाखवते.

शब्द दिला म्हणजे दिला. तरी महिनाभर मी हेल्मेट हँडलला अडकवून नेत असे, कारण डोकं कोणाचं ते शब्दात नव्हतं, आणि हँडल हे सायकलचं डोकंच. व्याह्यांना याचा वास कसा लागला देव जाणे. रोज सकाळी मी निघायच्या वेळेला त्यांचा फोन यायला लागला. बोलणं काही नाही. फक्त हनुवटीखालचा पट्टा बसल्याचा 'चट' असा आवाज फोनवर ऐकवायचा, की ते 'हां' म्हणून ठेवून देत. बाजारात माझी शोभा झाली. शेजारचा भांडीवाला विचारायचा, "शेठ, लढाई कुठं हाय आज?" मी त्याच्याशी भांडलो, त्यानं दुसऱ्या दिवशी मला पातेल्याचं झाकण देऊ केलं, ढाल म्हणून.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तर त्यांनी कहर केला. माझ्या दुकानाचा तो सगळ्यात मोठा दिवस. नव्या सायकली झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या, त्या मुहूर्तावर घरी न्यायला आलेली माणसं दारात, आणि मी नारळ घेऊन पायरीशी. सणाला म्हणून आलेले व्याही म्हणाले, थांबा. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, आपल्या हेल्मेटमध्ये बसवला, पट्टा आवळला आणि सगळ्यांच्या देखत पायरीवर आपटला. मग पट्टा सोडून नारळ वर धरला. अखंड. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की आता टाळ्या पडणार. टाळ्या कुठल्या? दसऱ्याचा नारळ फुटला नाही म्हटल्यावर माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. नातीसाठी सायकल न्यायला आलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, "उद्याच्याला बघू, मालक." दोघेतिघे त्याच्यामागे निघाले. माझ्या अंगाची आग झाली. मी तो नारळ हिसकावला आणि पायरीवर असा हाणला की पहिल्याच दणक्यात त्याच्या ठिकऱ्या झाल्या आणि पाणी व्याह्यांच्या झब्ब्यावर उडालं. ते झब्बा झटकत शांतपणे गर्दीला म्हणाले, "बघा. हेल्मेट काढल्याबरोबर."

म्हातारा परत फिरला. नारळ फुटला म्हणून फिरला की त्या बोलण्यानं, मला माहीत नाही. त्यानं सायकल घेतली आणि नातीसाठी तसलं टोपडं आहे का विचारलं. माझ्याकडे नव्हतं. मी मागवून देतो म्हणेपर्यंत व्याह्यांनी आपलं हेल्मेट पुसून त्याच्या हातात दिलंसुद्धा. माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकाला, फुकट. आणि मग उघड्या डोक्यानं सायकलवर बसणार नाही म्हणून बसस्टँडपर्यंत पायी गेले. मीही रागानं त्यांच्याबरोबर पायी गेलो. वाटेत एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हेल्मेटची ऑर्डर मात्र दिली.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं धूसर दिसतं, बाजूचं दिसत नाही. सायकल बंद करा म्हणून कोणाला त्यांना सांगावं लागलं नाही. विहीणबाई आणि आमचे जावई कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तर एका सकाळी ह्यांनीच सायकल पुसून, हवा सोडून जिन्याखाली लावली. मला हे माझ्या मुलीनं फोनवर सांगितलं.

आता मी लातूरला जरा जास्तच जातो. अडतीवर काम असतं असं घरी सांगतो. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या दारातल्या पायरीवर बसतो. ट्यूशन सुटतात, सायकली येतात. ते मान थोडी तिरकी करून ऐकतात आणि विचारतात, "हाय का डोक्यावर?" मी म्हणतो, हाय. पुढचा येतो, पुन्हा विचारतात. हाय. तीन पोरी बोलत जातात, वेण्या उडत असतात. तिघींच्याही हाय, मी म्हणतो. उन्हात, धुळीत, उघडी डोकी एकामागून एक जात असतात, आणि मी आयुष्यात कोणाला एवढी सूट दिली नसेल.

परवा असेच बसलो होतो. बराच वेळ झाला होता, गल्ली शांत झाली होती. त्यांनी विचारलं, "आणि हा?"

"हाय," मी म्हटलं. "पट्टा पण लावलाय."

ते हसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "इवाई, रस्त्यावर आत्ता कोणी न्हाई. तेवढं मला ऐकू येतं."

मी समोर पाहत बसलो. त्यांनीच पुन्हा मान तिरकी केली, कोपऱ्याकडे कान लावला.

"पुढचा आला की सांगा," ते म्हणाले.