कापलेले काटे

काल इथे इंग्लंडात, रीडिंग गावात, शेजाऱ्याने कुंडीतल्या ऑलिव्हची छाटणी केली. त्या हिरवट, कडू वासाने मला थेट भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर नेलं.

तिथे रानऑलिव्हचं जंगल होतं. शेळ्यांनी सतत कुरतडून झुडपांचे दाट काटेरी गोळे झालेले, आणि त्या काट्यांच्या आडून मधला कोवळा शेंडा सुखरूप वर चढत असे. अशाच एका झुडपाच्या वाढीवर माझा प्रबंध उभा होता. आमच्या ग्लासगोच्या सरांना त्या शेंड्याला हात लावून फोटो हवा होता, म्हणून ते काटे कापू लागले.

"अहो सर, नको! शेळ्या शेंडा खातील."

"अगं, तू आपली कोकणातले आंबे बघ. ऑलिव्ह माझ्यावर सोड."

सकाळी शेंडा नव्हता. नाश्त्याला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कात्री हिच्याच हातात होती, बरं का." माझा प्रबंध तिथेच संपला. तेव्हा मी मान खाली घालून रडले; आज वाटतं, हातातला चहा त्यांच्या अंगावर ओतायला हवा होता.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे एक हृद्य आठवण मागितली आहे. हीच पाठवते आहे.