मामाचं काळं तिकीट

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की सरांनी माझं टपाल तिकीट चिमट्यानं न उचलता अंगठ्यानं उचललं. तेही शेंगदाणे खाल्लेल्या अंगठ्यानं. तेव्हाच परत मागायला हवं होतं. पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. तिकीट संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना काय बोलणार?

मंडळात आम्ही इनमिन सात जण, पण किस्से पोतंभर. बाकीचे ते चहाबरोबर हसत सांगतात. मला आता हसू येत नाही. तरी सांगतेच.

*

जवळा बाजारचे तात्या शेती सांभाळून तिकिटं जमवतात. घरातल्या जुन्या ट्रंकेत त्यांना निजामाच्या काळातला लिफाफा सापडला. तिकीट, शिक्का, उर्दूतला पत्ता, सगळं जागच्या जागी. असा लिफाफा अख्खाच जपायचा असतो. तात्यांनी कात्रीनं तिकीट तेवढं कापून आणलं.

"तात्या, बाकीचा लिफाफा?"

"त्याचं काय करायचं? चुलीत घातला. पाणी तापलं बराबर."

*

हिंगोलीत गजूभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे. मंडळाचा गांधीजींच्या तिकिटांचा संच त्यांच्याकडे सांभाळायला दिला, तर भाऊंनी तो लॅमिनेट करून आणला.

"आता पाण्यात टाका, न्हाई तर म्हशीपुढं टाका. काई होत न्हाई."

मी रडायच्या बेतात. सरांनी मात्र भाऊंचा सत्कार ठेवला, प्रशस्तिपत्र दिलं. भाऊंनी तेही लॅमिनेट केलं.

*

मग माझं भाषण.

मामा दोन वर्षं म्युनिकला नोकरीला होता. परत येताना त्यानं माझ्यासाठी एकच वस्तू आणली. १८४९ सालचं बव्हेरियाचं काळं तिकीट, जर्मन मुलखातलं पहिलं. कोरं, पण एक कोपरा फाटका, म्हणून त्याला परवडलं. वर्षभरात मामा गेला. त्याच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे.

भाषणात हे सांगायचं होतं. सांगितलं ते भलतंच. तेव्हा जर्मनी एक देश नव्हता, बव्हेरियाचं राज्य वेगळं होतं, किंमत एक क्रॉयझर म्हणून मधोमध नुसता एकचा आकडा.

"राजाचं तोंड न्हाई त्याच्यावर?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"फाटकं हाय, काळं हाय, राजा बी न्हाई. मंग एवढं जपून काहून राहिली बाई?"

सगळे हसले. मीही हसले. मी हसले याचाच राग अजून गेलेला नाही. तेवढ्यात सरांनी तो अंगठा पुढं केला. "दे लेकरा, प्रदर्शनात ठेवू. मी आहे ना."

*

आज प्रदर्शन. मी कळमनुरीहून एसटीत बसले आणि गजूभाऊंचा फोन आला.

"बाई, तुझी फ्रेम रिकामी दिसून राहिली. सर तिकीट घेऊन शिक्क्याच्या टेबलाकडं गेले."

प्रदर्शनाचा खास शिक्का असतो. लोक नवं तिकीट पाकिटावर चिकटवतात आणि त्यावर तो मारून घेतात. नवं तिकीट. 

सरांना फोन लावला. उचलला नाही. सात वेळा लावला. शेजारची बाई म्हणाली, "कोन अ‍ॅडमिट हाय का पोरी?"

मामाचं ते तिकीट बव्हेरियात वर्षभरही चाललं नव्हतं. काळ्यावर काळा शिक्का दिसायचा नाही, वापरलेलं तिकीट पुन्हा लावलं तर कळायचं कसं? म्हणून तिथल्या टपाल खात्यानं ते बंद करून गुलाबी काढलं. हेसुद्धा मी भाषणात सांगितलं होतं. सर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

आठव्यांदा फोन उचलला गेला.

"हां, बोल लेकरा. इथं जरा तकलीफ होऊन राहिली. तुझं तिकीट कोरं होतं ना, म्हटलं पाकिटावर लावून शिक्का मारून घ्यावा, आठवण राहील. दोनदा मारला, पण दिसूनच न्हाई राहिला. थांब, आता जोरात मारायला लावतो."