बिनविम्याचे तीन दिवस

परदेश प्रवासाचा विमा काढणारा मी आमच्या घराण्यातला पहिला माणूस, आणि तो शेळीच्या भीतीने काढणारा बहुधा जगातला पहिला.

कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन आता सव्वा वर्ष झालं. "आईबद्दल काहीतरी लिहा बाबा, बरं वाटेल," असं आमची मुलगी मेघा फोनवर सांगते. मी वही उघडून बसतो, आणि दर वेळी सगळ्यांत आधी आठवते ती शेजारच्या ताराबाईंची शेळी. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी सेलूच्या कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. छापलेलं काही दिसलं की मला ते शेवटपर्यंत वाचावं लागतं. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा. कुसुम अल्लीपूरच्या शेतकऱ्याची मुलगी. ती कुठल्याही कागदाचं पहिलं आणि शेवटचं पान पाहून मधला मजकूर सांगायची. (तो बहुतेकदा बरोबर निघायचा. याचा मला तेव्हा त्रास व्हायचा.)

मेघा अमेरिकेत, ओहायोत बाळंत होणार होती. आम्ही साठ दिवस जायचं ठरलं. जावयांनी तिकिटं पाठवली आणि फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, इन्शुरन्स नीट वाचून घ्या. इथे दवाखान्याचं बिल पाहून माणूस पुन्हा आजारी पडतो."

नीट वाचून घ्या, हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

वर्ध्याहून गजानन आला. हा माझा जुना विद्यार्थी, आता विम्याचं काम करतो. (ग्रंथालयाचं एक पुस्तक अजून त्याच्याकडे आहे. मी विषय काढत नाही.) त्याने तीन कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर ठेवली आणि त्यातलं एक माझ्याकडे सरकवलं.

"सर, हे घ्या. सगळे हेच घेते. इथं सही करा."

"बाकीच्या दोन का नाही?"

"बाकीच्या बी चांगल्याच हाये."

"मग हीच का?"

गजाननने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "काकू, सर कालेजात बी असेच करत. पुस्तक मांगतलं का इचारत, हेच काऊन?"

"मले नोको सांगू बापा," आतून कुसुम म्हणाली. "मी छत्तीस वर्सापासून वांग्याच्या भाजीची कारणं देऊन राह्यली."

पुढचा आठवडा मी अभ्यासात घालवला. ग्रंथालयातून टाकून दिलेली सूचीपत्रकं घरी होती, त्यांवर प्रत्येक कंपनीची कलमं उतरवली: दवाखाना, दात, सामान हरवणं, विमान चुकणं, आणि माणूस तिकडेच गेला तर त्याला इकडे कसं आणणार ते. कार्डं खाटेवर मांडली. कुसुमला त्या आठवड्यात दुपारी पडायला जागा नव्हती.

"जावई पाह्याले गेलतो आपन," ती कार्डांकडे बघत म्हणाली, "तवा तुमी दोन सवाल इचारले. पगार किती, अन् वाचता काय."

"तेव्हा पत्रक नव्हतं."

"बरं झालं. नाईतर पोरगी अजून घरीच असती."

विम्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते, त्यापुढची कंपनी देते, हे मी तिला दोन उदाहरणं देऊन समजावलं. ती डाळ निवडत होती. "म्हंजे पह्यलं दुखणं आपलं, मंग त्याइचं," ती म्हणाली. मला ते कलम समजायला दोन दिवस लागले होते.

खरी अडचण 'आधीपासूनचे आजार' या रकान्याची. कुसुमला आठ वर्षांपासून ब्लडप्रेशर होतं. गोळ्या ती मेथीदाण्याच्या डब्यात ठेवायची, ताराबाईंना दिसू नयेत म्हणून.

"लिवू नोका," ती म्हणाली.

"लपवलं तर काहीच देत नाहीत. पान चौदा."

"अन् लिवलं तर?"

"लिहिलं तर हप्ता थोडा वाढतो, आणि त्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलं तरच देतात."

"म्हंजे मले चक्कर आली का मी पह्यले त्याइले फोन करू? का बापा, हे जिवावरचं हाये का साधं?"

शेवटी गजाननने ताराबाईंना सांगायचं नाही या अटीवर तिने लिहू दिलं. गजानन ताराबाईंना ओळखतही नव्हता, पण त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं.

सगळं जमलं, आणि कुसुमने कॅलेंडर पाहिलं. विमान रविवारी, आणि रविवारी अमावस्या. तिकीट स्वस्त का मिळालं ते तिला तिथल्या तिथे समजलं. (ओहायोच्या विमान कंपनीला अमावस्या ठाऊक असते, यावर ती शेवटपर्यंत ठाम होती.) पण तिच्याकडे उपाय होता. प्रस्थान ठेवायचं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली की प्रवास सुरू झाला. माणूस मग केव्हाही निघो. गुरुवारी चांगला दिवस होता. गुरुवारी सकाळी आमची निळी बॅग हळदकुंकू लावून ताराबाईंच्या ओसरीवर जाणार असं ठरलं.

ओसरीवर शेळी असते.

त्या शेळीने तोवर एक सातबाऱ्याचा उतारा, एक रबरी चप्पल आणि निवडणुकीचं एक भित्तिपत्रक उमेदवारासकट खाल्लं होतं. निळ्या बॅगेत माझे दोन स्वेटर, मेघासाठी शिवलेली दुपटी आणि कुसुमच्या नाना पुड्या होत्या. मी पान एकवीस काढलं. सामानाचं संरक्षण प्रवास सुरू झाल्यापासून लागू. कुसुमच्या हिशेबाने प्रवास गुरुवारी सुरू. मग विमा रविवारपासून कसा चालेल? मी गजाननला फोन केला.

"गजानन, आपला विमा गुरुवारपासून सुरू कर."

"सर, विमान तं रविवारी हाये ना?"

"बॅग गुरुवारी निघते."

"बॅग एकटी?"

"शेजारी जाते. तिथे शेळी आहे."

 तो अगदी नरम आवाजात म्हणाला, "करतो सर. साठच दिवस ना?"

"साठ," मी म्हणालो. अगदी खात्रीने म्हणालो.

शेळीने बॅगेला तोंड लावलं नाही. आम्ही रविवारी निघालो, पोचलो, नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. ते दिवस आता आठवले की लिहिणं थांबतं. बाहेर बर्फ, आत कुसुम नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते आहे आणि तिला अल्लीपूरच्या एकेका माणसाची ओळख करून देते आहे. नात आठ दिवसांची.

घरापासून तासाभरावर एक मोठं तळं होतं. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. कुसुमने समुद्र कधी पाहिला नव्हता. "समुद्र नाई तं नाई, तेच दाखवा," असं तिने पहिल्याच आठवड्यात मेघाकडे मागून ठेवलं होतं. थंडी, बाळ, जावयांची नोकरी, असं करत शेवटचा मंगळवार ठरला. बुधवारी आमचं परतीचं विमान. सगळ्या प्रवासात मागितलेली तिची ती एकच गोष्ट होती, आणि ती दोघांनी मिळून पाहायची होती. "तुमी संगं पायजे," ती म्हणाली होती. "त्याचं पुस्तकातलं तुमी सांगजा, मी पाहीन."

सोमवारी सकाळी मी चहा घेत, काही वाचायला नव्हतं म्हणून, पॉलिसी पुन्हा काढली. मुदत काल रात्री संपली होती.

गुरुवारपासून साठ दिवस म्हणजे रविवार. तीस पानं वाचलेल्या, कार्डं केलेल्या माणसाने बोटांवर मोजायचं तेवढं राहून गेलं होतं. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी करावा, असं पान सव्वीसवर ठळक अक्षरांत होतं. त्याखाली माझीच पेन्सिलची रेघ होती.

"म्हंजे साठातले तीन दिवस शेळीनं खाल्ले," कुसुम म्हणाली आणि नातीचे पाय चोळायला लागली.

मला ते हसण्यावारी नेता येईना. मी तिथल्या तिथे नियम केले. कुसुमने जिना चढायचा नाही. बर्फावर पाय ठेवायचा नाही. लोणचं बंद. कडक काही चावायचं नाही (दात, पान सतरा). तळं रद्द.

"तळं काऊन?"

"तिथे निसरडं असतं. तुझं बीपी आहे. इथे एका रात्रीच्या दवाखान्यात आपलं सेलूचं घर जाईल."

ती दुपट्यांच्या घड्या घालायला लागली.  जावई म्हणाले, "बाबा, इथल्या कंपनीचा तीन दिवसांचा विमा घेऊ. पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, आधी मला कागद द्या. त्यांनी छापून दिले. बत्तीस पानं, इंग्रजीत. मी म्हणालो, वाचल्याशिवाय सही नाही.

मंगळवारी सकाळी मी पान अकरावर होतो. कुसुम मेघाचा कोट घालून, डोक्याला मफलर गुंडाळून समोर उभी राहिली.

"चलता का?"

"अजून एकवीस पानं आहेत."

"मंग वाचा. मी जाते. चक्कर आली तं सांगते त्याइले, आमचे मालक वाचून राह्यले, थांबा जराक."

गाडी गेली. घरात मी एकटा. वाचता वाचता वाटलं, चष्मा बदलावा. दुसरा चष्मा खालच्या खोलीत होता. लोकरीचे मोजे, जिन्यावर गालिचा, हातात पान तेवीस. त्यावर 'अपघात' या शब्दाची व्याख्या होती: अचानक, अनपेक्षित आणि बाह्य कारणाने घडलेली घटना. 'बाह्य' म्हणजे नेमकं काय, याचा विचार करत मी शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरलो.

चार तासांनी ती मंडळी परत आली तेव्हा मी त्याच जागी, सुजलेला घोटा समोर ठेवून, पान एकोणतीसपर्यंत पोचलो होतो. मेघा घाबरून फोन शोधायला लागली. मी ओरडलो, "दवाखाना नको, विमा नाही!" कुसुमने मफलर सोडला, घोटा दाबून पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मोडलं नाई," ती म्हणाली आणि निळ्या बॅगेतून एक पुडी काढली. आंबेहळद आणि तुरटी. बॅग भरताना, हे तिकडे कशाला, म्हणून मी जिच्यावरून वाद घातला होता तीच पुडी. तिने गरम लेप लावला, फडकं बांधलं, आणि मग कोटाच्या खिशातून एक गुळगुळीत करडा गोटा काढून माझ्या हातात दिला.

"हे घ्या तुमचं तळं."

"कसं होतं?"

तिने फडक्याची गाठ सारखी केली. "तुमी पायजे होते," एवढंच म्हणाली.

बुधवारी विमानतळावर मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीमुळे आम्हाला सगळ्या रांगा सोडून पुढे नेलं. ब्लडप्रेशरवाली कुसुम दोन्ही बॅगा घेऊन ताठ मानेने मागे चालत होती. "आता समजलं मले," ती म्हणाली, "विमा कोनाचा कहाडाचा होता."

सेलूला परतल्यावर तिने ही हकिकत ताराबाईंना सांगितली, ताराबाईंनी आळीला. बाजारात भाजीवालासुद्धा पिशवी देताना "सर, मोजून घ्या" म्हणायचा. कुसुम त्यावर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

ती गेली ती घरातूनच, एका साध्या सकाळी, चहाचं आधण ठेवलेलं असताना. तिने कुठे काही प्रस्थान ठेवलं नव्हतं. तो गोटा माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

आता मेघाने पुन्हा बोलावलं आहे. या वेळी तळं पाहायचं, हे मी माझ्यापुरतं ठरवलं. गजाननकडून विमा काढला. त्याने विचारलं, "सर, कवापासून?" मी म्हणालो, विमानाच्या दिवसापासून, एक दिवसही आधी नाही. बोटांवर मोजलं, दोनदा. गजानन म्हणाला, "सर, आता शिकले तुमी."

दिवस चांगला आहे का, हे मी मुद्दाम पाहिलं नव्हतं. पण काल कॅलेंडरवर नजर गेली. परवाचा दिवस कुसुमला चालला नसता. मी विश्वास ठेवतो असं नाही. तरी निळी बॅग काढली, हळदकुंकू सापडलं, लावलं, आणि बॅग ताराबाईंच्या ओसरीवर ठेवून आलो. ज्याच्यावाचून प्रवास होत नाही ते प्रस्थानात जावं, असं ती म्हणायची. म्हणून पासपोर्ट आणि पॉलिसी त्यातच ठेवली.

आज दुपारी बॅग आणायला गेलो तर फाटकाला कुलूप. फोन लावला.

"मी आष्टीले आली ना भाऊजी, भाचीच्या लग्नाले," ताराबाई म्हणाल्या. "परवा संध्याकाळी येते."

"माझं विमान परवा सकाळी आहे."

"अगं माय. मंग कुलूप तोडा, सुताराले बोलवा. बॅग ओसरीवरच हाये, खाटेखाली."

"आणि शेळी?"

"ते बी तिथंच हाये. एकटी राह्यन बिचारी, म्हून मोकळीच ठेवली."

ही त्या शेळीची मुलगी. भूक आईवर गेली आहे. सुतार तासाभरात येतो म्हणाला आहे. तोवर मी फाटकाच्या फटीतून पाहतो आहे. खाटेखाली निळं काहीतरी दिसतं, त्याची चेन उघडी आहे, आणि शेळी माझ्याकडे बघत अगदी सावकाश, एकेक ओळ वाचल्यासारखं, काहीतरी चघळते आहे.

माझा विमा परवापासून सुरू होतो.