डाव्या हाताचा ळ

आमच्या घरात ळ नव्हता. गूळ होता, डाळ होती, तांदूळ होता. ळ तेवढा नव्हता. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. बागा केळीच्या, पण आम्ही केळीला केयी म्हणायचो. डोळ्याला डोया, जळगावला जयगाव. गावातल्या मास्तरांनी ळ पाटीवर गिरवून घेतला होता, मोठ्यानं म्हणवूनही घेतला होता, पण शाळा सुटली की तो शाळेतच राहायचा. त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते मी जळगावला मावशीकडे राहून हायस्कुलात जायला लागले तेव्हा. स्वातंत्र्य येऊन चारेक वर्षं झाली असतील. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, फळा कुणी पुसला. मी ऐटीत उभी राहिले आणि सांगितलं, "फया मी पुसला." सगळा वर्ग हसून लोळला. राग माझ्या नाकावरच असतो, तेव्हाही होता. दिवसभर मी कुणाशी बोलले नाही, आणि घरी येऊन मावशीच्या आरशासमोर जीभ टाळ्याला लावून लावून ळ म्हणत बसले. मावशीला वाटलं, पोरीला झटका आला. म्हणता म्हणता मला ते अक्षर बघायचाच नाद लागला. क काय, ग काय, म काय, दांडीला धरून शहाण्यासारखी उभी असतात. हा लेकाचा शिरोरेषेला लोंबकळतो आणि खाली आडवा होऊन दोन पोटं काढून निजतो. असं कुणी का काढलं असेल, हे मला कळेना, आणि कळेना म्हणून चैन पडेना.

दुसरी अडचण जन्मापासूनची. मी डावरी. जेवायला बसलं की डावा हात आधी पुढे जायचा आणि मायच्या हातातलं उलथनं त्याच्यावर यायचं. माय शाळेत गेली नव्हती, पण या एका विषयात तिचा अभ्यास पक्का होता. डाव्या हातानं जेवायचं नाही, द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कुंकू लावायचं नाही. मग त्यानं लिहायचं कसं? मुलीला उजवायचं तर आधी तिचा हात उजवा हवा, हे तिचं साधं गणित. हात धुऊन ती माझ्या हाताच्या मागे लागली होती. त्यामुळे मी उजव्यानं लिहायचे, आणि कोंबडीनं उकिरडा उकरावा असं माझं अक्षर होतं.

हायस्कुलात ड्रॉइंगला एक सर होते. उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम शाईचा डाग. दर वर्षी ते मुलींकडून हस्तलिखित काढून घ्यायचे. सगळा अंक हातानं लिहायचा, हातानं रंगवायचा, एकच प्रत, आणि ती वाचनालयात ठेवायची. त्या वर्षी विषय ठरला आपल्या भागातली शेती, आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत यायचं होतं, 'केळी आणि कापूस'. सरांनी विचारलं, केळीच्या गावची कोण आहे. मी हात वर केला, अर्थात डावा, मग घाईघाईनं तो खाली घेऊन उजवा. त्यांनी ते बघितलं. जिची अक्षरं सगळ्यांत चांगली येतील तिला मुखपृष्ठ, असं त्यांनी जाहीर केलं. मला ते हवं होतं. 'केळी'तला ळ दुसऱ्या कुणी काढावा हे मला खपणारं नव्हतं.

सरांनी मुंबईहून रुंद टोकाची निबं मागवली होती आणि फळ्याशेजारी इंग्रजी अक्षरांचा एक छापील तक्ता लावला होता. टाक असा धरा, हात असा टेकवा, निब कुठे जाड उमटतं आणि कुठे बारीक ते बघा. इंग्रजी अक्षरं झकास यायची. तोच टाक मराठीला लावला की सगळं बिनसायचं. अक्षर आपलं, पण अंगात साहेबाचा कोट, तोही उसना. सर स्वतः काढायचे तरी तेच. वैतागून ते आम्हालाच विचारायचे, हे असं का दिसतंय सांगा बरं. मास्तर माणूस आपल्याला न येणारी गोष्ट पोरींना विचारतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते फार आवडलं.

मग मी बाजारातून येता-जाता पाट्या बघायला लागले. वाचायला नाही, जाडी बघायला. कापडाची दुकानं, औषधांची, मिठाईची. गुजराती पाट्यांना शिरोरेषाच नसते; डोक्यावरचा पदर पडलेल्या बाईसारख्या त्या मला वाटायच्या. एका कापडवाल्याच्या पाटीखाली मी इतका वेळ उभी राहिले की त्यानं हाक मारून विचारलं, काय दाखवू. मी म्हटलं, काही नको, तुमचा ळ बघतेय. संध्याकाळी ही बातमी मावशीच्या घरी माझ्याआधी पोचली होती. मावशीनं मला बाजाराचा रस्ता बंद केला.

तेव्हा मी घरातच शोध सुरू केला. मावशीच्या सासऱ्यांची एक जुनी पोथी होती, मोठ्या टायपातली. त्यातला ळ बघितला आणि मी हरखलेच. काय त्याची ती पोटं! पण नीट बघितल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते तिथे ती जाड होती, आणि उतरते तिथे बारीक. सगळ्या पानावर तोच कायदा. माझ्या ळ चं नेमकं उलटं होतं. चढ बारीक आणि उतार जाड. मी कागद फिरवून बघितला, मनगट पिळून बघितलं, स्वतः पाटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मनगट दुखायला लागलं, पण रेघेची जाडी, तिची ती सूज, काही जागा बदलेना.

अशात उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं. मावशीनं हळदीचं पोटीस बांधलं आणि लिहायचं नाही म्हणून बजावलं. रविवारी दुपारी ती निजली तेव्हा मी टाक डाव्या हातात घेतला. मनात काही नव्हतं, नुसते हात शिवशिवत होते. एक ळ काढला आणि अगं बाई, मी बघतच राहिले. सूज चढावर होती. मला आधी आनंद झाला नाही, संशय आला. पुन्हा काढला, पुन्हा तसाच. क काढला, ख काढला, स काढला, आणि पोथी उघडून शेजारी ठेवली. हात थोडा कापरा होता, पण चाल पोथीचीच होती.

सोमवारी सरांना कागद दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला आणि विचारलं, कोणत्या हातानं काढलंस. मी म्हटलं, उजव्या. ते म्हणाले, उजव्याला तर पोटीस आहे. मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच्या डाव्या हातात टाक घेतला, लहान पोरासारखी वेडीवाकडी रेघ ओढली, आणि तिच्याकडे बघत खुर्चीत बसले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, खरं म्हणजे स्वतःलाच. निब सरळ कापलेलं आहे. उजव्या हातात ते एका बाजूला कलतं, डाव्या हातात दुसऱ्या. इंग्रजीला पहिला कल लागतो, मराठीला दुसरा. आपले जुने लोक उजव्यानंच लिहायचे, पण बोरूचं टोक तिरकं कापून घ्यायचे, म्हणून त्यांना जमायचं. सरांच्या लहानपणी पंतोजी बोरू कापून हातात द्यायचे. तो तिरका का कापतात हे आपण कधी विचारलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

त्याच दिवशी त्यांनी दगडावर घासून काही निबं तिरकी केली आणि उजव्या हाताच्या मुलींना दिली. झालं, सगळ्यांच्या अक्षरांची सूज जागेवर आली. माझा असा तिळपापड झाला म्हणता. शोध माझा आणि फायदा सगळ्यांना. पण त्यांना तो हात नव्यानं बसवायचा होता, आणि माझ्या तर तो डाव्या हाताचा मळ होता. आठवड्याभरात मी पुष्कळ पुढे गेले. सरांनी मुखपृष्ठ मला दिलं आणि सांगितलं, ज्या हातानं चांगलं येतं त्या हातानं लिही. एवढ्या वयात मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, आणि पाणी शाईवर पडू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

मॅट्रिक होऊन गावी परतले ती डावा हात मोकळा सोडून. मायनं पहिल्याच दिवशी ते बघितलं. उलथनं मारायचं माझं वय गेलं होतं, म्हणून ती नानांवर, माझ्या वडिलांवर, डाफरली. पोरगी शिकवली आणि वाया घालवली. आता स्थळं यायला लागणार, आणि त्या काळी बघायला आलेले पाहुणे मुलीला नाव लिहून दाखव म्हणायचेच. मायचं म्हणणं, पाहुण्यांपुरता हात लपव. माझं म्हणणं, लपवून लग्न करायचं तर मग जन्मभर लपवावा लागेल. लग्न तर मलाही करायचं होतं. पण हात देऊन नाही.

पहिले पाहुणे रावेरकडचे. मायच्या शब्दाखातर मी उजव्यानं नाव लिहिलं. त्यांच्यातल्या एकानं कागद बघून विचारलं, हे मॅट्रिक झालेल्या मुलीचं अक्षर? माझं डोकं फिरलं. मी पेन डाव्या हातात घेतलं आणि त्याच कागदावर खाली पुन्हा लिहिलं. चहा पिऊन पाहुणे उठले. चार दिवसांत निरोप आला की मुलगी डावरी आहे, आम्हाला चालणार नाही. माय माझ्याशी बोलायची बंद झाली. ती रागावली असती तर मी भांडले असते. ती बाजूला तोंड करून भाकरी वाढायची, ते मला सोसवेना. तिला खरंच भीती वाटत होती, आणि ती भीती माझ्यापायी होती.

पुढे धुळ्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील कोर्टात कारकून होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. बोलणं शहरी, स्वच्छ. मी पाटावर बसले, शेव-चिवड्याच्या बशा फिरल्या, आणि आबा म्हणाले, नाव लिहून दाखव. मी माजघराच्या दाराकडे बघितलं. दाराआड माय उभी होती. पाहुण्यांसमोर ती येत नसे, बोलत तर नसेच. तिचा हात बाहेर आला, त्यात माझा टाक होता आणि दौत होती. मी उठून घ्यायला गेले तेव्हा ती पुटपुटली, "डावा शे तं शे." डावा आहे तर आहे. लग्न झाल्यावर पहिल्या पंक्तीत वाढताना जे कळणारच आहे ते आजच कळलेलं बरं, असा तिनं हिशेब केला असणार.

मी बसले, टाक डाव्या हातात घेतला, बुडवला, आणि तिथे अडले. माझ्या नावात सगळ्या दांड्याच दांड्या. ना चढ, ना पोट. एवढा हात कमावला तो काय कुंपण घालायला? कागद एकच होता. तेव्हा मला आठवलं की मायच्या नावात ळ आहे. मग मी ते लिहिलं, कागदभर रुंद, ळ ची दोन्ही पोटं अशी भरून की पोथीनं बघावं, आणि शेवटी वर शिरोरेषा ओढली. खोटं कशाला सांगू, मी ते मायसाठी लिहिलं नव्हतं. मी ते ळ साठी लिहिलं होतं.

आबांनी कागद लांब धरला आणि मोठ्यानं वाचला. पुढे 'बाई' लावून, एकेक अक्षर सुटं, ळ चा ळ करून. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे. नाना तिला 'अवं' म्हणायचे, गाव तिला माझ्या थोरल्या भावाची माय म्हणायचं, आणि माहेरची माणसं नाव घ्यायची ती ळ चा य करून. नाना आढ्याकडे बघायला लागले. आबांनी विचारलं, हे कुणाचं नाव? मी सांगितलं, आईचं. मग स्वतःचं का नाही लिहिलंस? मी खरं ते सांगितलं, की माझ्या नावात ळ नाही. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, मग कागदाकडे, मग मुलाकडे. पुढे मी त्याच घरात नांदले, दोन्ही हात उघडे ठेवून, पण त्या घटकेला ते कुणाला ठाऊक होतं? मला वाटलं, हेही गेलं.

तेवढ्यात दाराआडून मायचा आवाज आला.

"आखो एकदाव वाचा," ती आबांना म्हणाली.

आबांनी कागद पुन्हा लांब धरला आणि तिचं नाव पुन्हा एकदा वाचलं.